सगळ्यांची काळजी वाहणाऱ्यांनो, जरा थांबा!

नागपूरकर ज्याला नुसते ‘मेडिकल’ म्हणतात, त्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अभय बंग घडले. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीला गेले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभी केली. १९९५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४४व्या वर्षी, डॉ. अभय बंग यांना हृदयविकाराचा झटका आला. हृदयविकार कशाने होतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही तो त्यांना गाठून गेला.

हा अनुभव त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात मांडला. आहार, व्यायाम, ताण आणि मन या सगळ्यांची त्यात झाडाझडती आहे. मराठी घरांत हे पुस्तक वाचले गेले ते मुख्यतः हृदयरोग्यांसाठी म्हणून. पण कार्यालय, शाळा, दवाखाना, कारखाना किंवा मोठे घर चालवणाऱ्या प्रत्येकाला त्यातून एक प्रश्न पडायला हवा: दुसऱ्यांसाठी निर्णय घेणारा माणूस स्वतःकडे कधी पाहतो?

लांबलेल्या तासांची किंमत

‘साहेब रात्री दहापर्यंत ऑफिसात असतात’ हे आपल्याकडे कौतुकाने सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मात्र वेगळे सांगतो. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के अधिक आढळला. २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यूंचा संबंध अशा लांबलेल्या कामाशी जोडला गेला.

त्रास फक्त हृदयाला होत नाही, निर्णयालाही होतो. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागे राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरलेली दिसली. पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला सतराव्या तासावर असतो. दारू प्यायलेल्या माणसाच्या हाती आपण गाडीची किल्ली देत नाही. कुणाची बदली, कुणाची बडतर्फी किंवा लाखोंची खरेदी मात्र त्याच घडीला खुशाल उरकतो.

विवेक म्हणजे दोन्ही धोके तोलणे

थांबून विचार करणे म्हणजे निर्णय टाळणे नव्हे. गडचिरोलीतलाच दाखला पाहा. तेव्हा तिथल्या खेड्यांत बहुतेक बाळंतपणे घरीच होत आणि जन्मल्यानंतर पहिल्या महिन्यातच अनेक बाळे दगावत. पुस्तकी उत्तर एकच होते, ते म्हणजे रुग्णालय. पण ते दूर होते आणि बाळ तिथवर पोहोचतच नव्हते. मग गावातल्याच, थोडे शिकलेल्या बाईला बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि गरजेला प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवायचे का?

तिच्या हाती सुई देण्यात धोका होता. न देण्यातही धोका होता, फक्त तो कुणाच्या नावावर लिहिला जात नव्हता. ‘सर्च’च्या चमूने ना घाई केली, ना हात बांधून बसणे पत्करले. १९९३ ते १९९५ या काळात आधी मृत्यूंच्या नोंदी घेतल्या. मग ३९ गावांत टप्प्याटप्प्याने घरच्या घरी नवजात बाळाची सेवा सुरू केली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. सेवा मिळालेल्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ होते, ते तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरगुती नवजात सेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. आज देशभरातल्या आशाताई बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात, ते याच वाटेने.

यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. गावांत ही सेवा सुरू झाली तेही १९९५ साल, आणि प्रमुखाला हृदयविकाराचा झटका आला तेही १९९५. तरी नोंदी थांबल्या नाहीत, सेवाही थांबली नाही. ‘माझ्यावाचून सगळे अडेल’ हा समज संस्थेलाही घातक आणि माणसालाही. काम वाटून दिले, दुसऱ्यांना शिकवले, तर ते एका छातीवर अवलंबून राहत नाही.

समतोलाचे औषध

डॉ. बंग यांनी आपल्या बदललेल्या जीवनशैलीसाठी अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांच्या कार्यक्रमाचा आधार घेतला. अत्यल्प चरबीचा शाकाहार, चालणे, ध्यान-योग, धूम्रपान बंद आणि मन मोकळे करायला सोबतीचा गट, असा तो कार्यक्रम. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत तो वर्षभर पाळणाऱ्यांच्या धमन्यांतील अडथळा सरासरी थोडा कमी झाला, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा वाढला. चाचणी लहान होती, ५० पेक्षाही कमी रुग्णांची. त्यामुळे कुणीही आपली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पण ताणाकडे पाहणे हाही उपचाराचा भाग आहे, हे तेव्हापासून ठळक झाले.

रोज एवढे करून पाहा

- मोठा निर्णय रात्री उशिरा किंवा रागाच्या भरात घेऊ नका. आणीबाणी नसेल, तर सकाळपर्यंत थांबवा.
- निर्णयाआधी दोन ओळी लिहा: केले तर काय बिघडेल, न केले तर काय? न करण्याची किंमत कोण मोजणार, हेही लिहा.
- बैठकीत आपले मत शेवटी सांगा. साहेब आधी बोलले, की बाकीचे माना डोलावतात.
- दिवसाअखेरीस मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटे स्वतःला विचारा: आज कुणाचे ऐकायचे राहून गेले?
- रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी ‘मार्च संपू दे’ म्हणत पुढे ढकलू नका.
- छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप अशी लक्षणे दिसली, तर ‘अॅसिडिटी असेल’ म्हणत बैठक पूर्ण करू नका. लगेच १०८ ला फोन करा.

बैठक पुन्हा घेता येते.