मसाल्याची बाधा आणि आमची वही

पावसाच्या तोंडाला आमच्या कोळवणास घरोघर काळ्या मसाल्याची धांदल असते. मिरच्या, धणे, जिरें, खोबरें, तीळ, लवंग, दालचिनी, दगडफूल भाजून कांडपावर नेलें कीं वर्षाची बेगमी झाली. त्या दिवशीं मिरचीच्या खकाण्यानें सारी आळी खोकते. परंतु वाचकांनीं त्यास ॲलर्जी समजूं नये. मिरचींतील कॅप्सेसिन नामक द्रव्य नाकाघशास झोंबतें, व तें सर्वांसच झोंबतें. ॲलर्जी निराळी. व्हिएन्ना येथील वैद्य पिर्के यांनीं १९०६ सालीं हा शब्द योजिला. तींत एखाद्याचेंच शरीर निरुपद्रवी अन्नास शत्रु लेखून त्यावर उठतें.

हा भेद आम्हांस फार उशिरां कळला. आमच्या नातीच्या अंगावर वारंवार गांधी उठत. पित्त म्हणून आमसुलाचें पाणी लावावें, असें वर्षभर चाललें. अखेर आम्हीं जुन्या कारकुनी सवयीनें वही घातली व पीकपाहणीसारखे रकाने पाडून रोजचें जेवण टिपलें. काळ्या मसाल्याची आमटी असली कीं गांधींचा रकाना भरे. आम्हीं लागलीच मिरचीवर निकाल देऊन मोकळे झालों. ठेचा खाल्ल्याच्या दिवशीं तो रकाना कोराच होता, हें आमच्याच अक्षरांत लिहिलेलें आम्हांस दिसलें नाहीं! पुढें संक्रांतीस पोरीनें तिळाचा लाडू खाल्ला आणि अर्ध्या घटकेंत ओठ सुजले, श्वास घुरघुरूं लागला. शेजाऱ्याच्या गाडींतून पौडास नेलें. डॉक्टरांनीं मांडींत ॲड्रेनलिनची सुई टोंचली तेव्हां ती सावरली. पुण्यास त्वचेची परीक्षा झाली. दोषी तीळच ठरले.

गांधींवरची गोळी अशा वेळीं पुरत नाहीं. घसा आवळला, श्वास लागला कीं ॲड्रेनलिन हेंच पहिलें औषध, आणि घरगुती उपायांत वेळ दवडणें म्हणजे जिवाशीं खेळ.

मसाल्यांची खरी ॲलर्जी विरळा; पण ती लपून बसते. धणे, जिरें, बडीशेप हीं एकाच कुळांतलीं, म्हणून एक बाधणाऱ्यास दुसरेंही बाधूं शकतें. बाजारच्या बांधानी हिंगांत बहुधा गव्हाचें पीठ असतें. गहूं न सोसणाऱ्यानें तें पाहूनच घ्यावें. युरोपीय संघाच्या नियमांत पाकिटावर ठळक दर्शवावयाच्या १४ पदार्थांत मोहरी व तीळ दोन्ही आहेत. अमेरिकेंत तिळास १ जानेवारी २०२३ पासून तशी सक्ती झाली. आपल्याकडील २०२० च्या नियमांतील यादींत शेंगदाणे, दूध, अंडीं आलीं, हीं दोन नांवें मात्र आलीं नाहींत. तीळ पिकविणाऱ्या देशांत हें चमत्कारिकच म्हणावयाचें.

कांडपाच्या उखळींत मागल्या घाण्याचे तीळ चिकटून राहतात, हें आम्हांस डॉक्टरांनीं सांगेपर्यंत सुचलें नव्हतें. आतां उखळ धुवून, पुसून आम्ही सकाळची पहिली पाळी घेतों. नातीच्या मसाल्याची बरणी निराळ्या फळीवर आहे. तिच्या गळ्यास सूनबाईंनीं तांबडा दोरा बांधला आहे.