घमेलं एक, दावेदार बारा

चिपळूणच्या पुढे, खाडीच्या अंगाला माझ्या मावशीचं घर आहे. मागच्या परसात विहीर, विहिरीच्या सांडपाण्यावर वाढलेलं अळू, पलीकडे गोठा, आणि या सगळ्यात मोकाट फिरणारे तीन राजहंस आणि नऊ बदकं. राजहंस आणले ते साप येऊ नयेत म्हणून, बदकं आणली ती अंड्यांसाठी. साप यायचे थांबले की नाही कोण जाणे, पण पोस्टमन मात्र आता फाटकाबाहेरूनच हाक मारतो.

सकाळी सातला मावशी भाताचा कोंडा आणि मक्याचा भरडा पाण्यात कालवून घमेलं विहिरीपाशी ठेवते. घमेलं जमिनीला टेकायच्या आत राजहंसाचा नर तिथे हजर. मावशीनं त्याचं नाव ‘फौजदार’ ठेवलंय. तो मान जमिनीलगत आडवी ताणतो, चोच थोडी उघडतो आणि फिसकारतो. जवळ बसून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. राजहंसाच्या मानेवरची पिसं पन्हाळीच्या पत्र्यासारखी उभ्या सऱ्यांत बसलेली असतात. तो चिडला की या सऱ्या थरथरू लागतात. पंख अजून मिटलेले, पाय जागेवर, पण मान थरथरतेय. ही पहिली आणि बहुतेक वेळा शेवटचीही सूचना. बदकानं ती वाचली तर बरं. नाही वाचली, तर चोचीची पकड बसते आणि पंखाच्या सांध्यावरच्या हाडाच्या टणक गाठीचा तडाखा बसतो. पाच-सहा किलोचा पक्षी आणि समोर दोन किलोचं खाकी कॅम्पबेल बदक. सामना बरोबरीचा नाहीच.

त्या खाकी बदकांपैकी दोन माद्यांच्या मानेमागची पिसं पार गेली होती, लालसर कातडी दिसत होती. मावशीचं निदान तयार होतं : “तो मेला उपजतच खुनशी आहे. बघ काय केलंय गरिबांचं. एक तर तो तरी राहील, नाही तर ही तरी.”

मी तिथे चार दिवस होतो. वही होती, वेळ होता, आणि पाऊस होता.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे राजहंस म्हणून जे पाळतात ते घरगुती हंस, आणि त्यांची दोन घराणी आहेत. एक कलहंसापासून माणसाळलेलं, दुसरं पूर्व आशियातल्या रानहंसापासून. चोचीच्या मुळाशी टेंगूळ असेल तर समजावं की हे चिनी घराणं. हिवाळ्यात हिमालय ओलांडून जायकवाडीला किंवा नांदूर मध्यमेश्वरला उतरणारा पट्टकादंब हा यांचाच चुलतभाऊ. लॅटिनमधला ‘आन्सेर’, जर्मनमधला ‘गान्स’ आणि आपला ‘हंस’ हे शब्द एकाच मुळापासून आलेत, हे भाषेचं नातं मला फार आवडतं. (नीरक्षीरविवेकाचा प्रयोग मी केला. फौजदारानं दूध आणि पाणी दोन्ही सांडलं.) बदकांचं सोपं आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेलं मस्कोव्ही सोडलं, तर जगातली पाळीव बदकं एकाच रानबदकाची वंशज आहेत. हिवाळ्यात आपल्याकडेही दिसणारं, नराचं डोकं हिरवंगार असणारं, ते हे मॅलार्ड.

म्हणजे हंस आणि बदक एकाच कुळातले, पण घर चालवायची रीत अगदी वेगळी. हंसांची जोडी वर्षानुवर्षं टिकते. मादी अंड्यांवर बसली की नर पहाऱ्याला उभा राहतो, आणि पिल्लं पुढच्या विणीपर्यंत आईबापांसोबतच असतात. कळपातला मानही कुटुंबाच्या आकारावर ठरतो. पाठीशी आईबाप असले तर अर्धवट वाढलेलं पिल्लूसुद्धा परक्या थोराला हुसकावतं. रानबदकाचा नर मात्र मादी अंड्यांवर बसली की काढता पाय घेतो. तेव्हा मावशीच्या परसात एकीकडे तीन जणांचं एकजीव कुटुंब होतं, आणि दुसरीकडे नऊ सुटेसुटे जीव. संख्या बदकांची जास्त, वजन हंसांचं.

फौजदारानं बदकाला पळवलं की पुढे एक गंमत घडते. तो पाठलाग अर्ध्यावर सोडून वळतो, दोन्ही माद्यांकडे येतो, आणि तिघं माना ताणून एकमेकांच्या कानात ओरडावं तसा कलकलाट करतात. ओस्कार हाइनरोथ या जर्मन पक्षिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या विजयघोषाचं वर्णन केलं आणि कोनराड लोरेन्झनं तो आयुष्यभर अभ्यासला. या घोषानं जोडीचं आणि कुटुंबाचं नातं घट्ट होतं. एकदा हे कळलं की पाठलागाकडे बघायची नजरच बदलते. बदक हे त्यात निमित्तमात्र असतं, खरा कार्यक्रम घरचाच असतो.

हंसाला हे सगळं किती लागतं, याचा पुरावा ऑस्ट्रियातल्या ग्रुनाउ गावात मिळाला. लोरेन्झनं १९७३ मध्ये, ज्या वर्षी त्याला नोबेल मिळालं त्याच वर्षी, तिथे कलहंसांचा मोकळा कळप वसवला. पुढच्या पिढीच्या संशोधकांनी त्यातल्या काही हंसांच्या शरीरात छोटे प्रक्षेपक बसवले आणि हृदयाचे ठोके मोजले. जवळून गाडी गेली, ढग गडगडले, तरी ठोके वाढतात. पण कळपातलं भांडण नुसतं बघताना ते त्याहून जास्त वाढतात, आणि भांडणारा आपला जोडीदार किंवा घरचा असेल तर आणखीच. चाळीतल्या गॅलरीत उभं राहून खालचं भांडण ऐकणाऱ्या कुणालाही हे पटेल.

लोरेन्झचं हंसांवरचं निरीक्षण अजोड होतं, पण आक्रमकतेबद्दलची त्याची उपपत्ती टिकली नाही, आणि नेमकी तीच आपल्या बोलण्यात घट्ट बसली आहे. १९६३ च्या पुस्तकात त्यानं मांडलं की आक्रमकता आत साठत जाते, टाकीत पाणी साठावं तशी, आणि कुठून तरी तिला वाट हवी असते. रॉबर्ट हाइंडसारख्या वर्तनशास्त्रज्ञांनी याला हरकत घेतली, कारण भांडण कधी होतं हे बघायला गेलं तर उत्तर आतल्या टाकीपेक्षा बाहेरच्या परिस्थितीत जास्त सापडतं. “उपजतच खुनशी” हे मावशीचं निदान म्हणजे लोरेन्झचंच. मला घमेल्यावर संशय होता.

त्याला आधार होता. अमेरिकेतल्या जेरम ब्राऊननं १९६४ मध्ये साधा हिशेब मांडला : प्राणी एखादी गोष्ट राखतो ती राखणं परवडतं तेव्हाच. अन्न एका जागी ढीग करून असेल तर एक जण त्यावर उभा राहून बाकीच्यांना हाकलू शकतो. तेच अन्न पसरलेलं असेल तर हाकलत धावण्यात जेवढी शक्ती जाते तेवढी पोटात येत नाही, आणि मग पहारा सुटतो. केनियातल्या शिंजीर पक्ष्यांवर पुढे असंच दिसलं. फुलांत मध भरपूर असला की पक्षी आपला ताटवा राखायचं सोडून देतात.

बदकं या बाबतीत आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच हिशेबी असतात. १९८२ मध्ये डेव्हिड हार्पर यांचा एक छान प्रयोग प्रसिद्ध झाला. केंब्रिजच्या वनस्पती उद्यानातल्या तळ्यावर ३३ रानबदकं होती. काठावर दोन ठिकाणी दोन माणसं उभी राहून पावाचे तुकडे टाकू लागली, एक दुसऱ्याच्या दुप्पट वेगानं. मिनिट-दीड मिनिटात कळपाची वाटणी झाली : दोन तृतीयांश बदकं वेगवान माणसासमोर, एक तृतीयांश दुसऱ्यासमोर. तोवर बहुतेक बदकांना एकही तुकडा मिळालेला नव्हता. कुठे किती पडतंय आणि तिथे किती जण आधीच आहेत, हे ती नुसतं पाहून जोखत होती. हार्परना हेही दिसलं की दांडगी बदकं आपल्या वाट्यापेक्षा जास्त खातात. पण जागा दोन असल्या की दांडग्याला दोन्हीकडे उभं राहता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी कुरकुरत का होईना तयार झाली. जुनं घमेलं विहिरीपाशीच ठेवलं. दुसरं गोठ्याच्या मागे, जिथून पहिलं दिसत नाही तिथे. तिसरा, एक फुटका टब, अळवाच्या कडेला. शिवाय राजहंसांसाठी ओल्या गवताच्या पेंढ्या सोडून परसभर विखुरल्या. कारण मुळात दोघांचा आहार वेगळा. हंसाची चोच गवत खुडायला बनलेली, कडा करवतीसारख्या. बदकाची चोच चपटी, कडांना चाळणी, चिखलात खुपसून गोगलगाय, किडे, दाणे गाळून घ्यायला. रानात ही दोघं एकाच तळ्यावर शेजारी चरतात आणि एकमेकांच्या वाटेला फारशी जात नाहीत. परसात आपणच दोघांना कोंड्याच्या एका पंगतीला बसवतो आणि वर म्हणतो, भांडतात कशी!

फौजदारानं आधी दोनतीन वेळा विहिरीपासून गोठ्यापर्यंत धाव घेतली. तिकडे गेला की इकडे बदकं. मग तो घमेल्यापाशी उभा राहिला, आणि जरा वेळानं गवत खाऊ लागला. वहीत आदल्या दिवशी पाठलाग मोजणाऱ्या रेघांनी पान भरलं होतं, त्या दिवशी जेमतेम एक ओळ झाली. एका सकाळीला शास्त्र म्हणता येत नाही, हे कबूल.

पण मानेमागची ती उघडी कातडी? इथे माझी खात्री झाली की मावशीनं चुकीचा आरोपी पकडला होता. हंस पळत्या बदकाला चावतो तेव्हा शेपूट, पाठ, पंख, जे हाती येईल ते धरतो. नेमकी मानेमागचीच पिसं जात असतील, आणि तीही फक्त माद्यांची, तर गुन्हेगार दुसरा. बदकाचा नर समागमाच्या वेळी मादीची मान मागून चोचीत धरतो. नऊ बदकांत नर किती, हे मावशीला सांगता येईना. मी मोजले : शेपटीवर वर वळलेलं कुरळं पीस नराला असतं, मादीला नसतं. चार निघाले. पाच माद्यांना चार नर! पाच-सहा माद्यांमागे एक पुरे, असा बदकं पाळणाऱ्यांचा साधा हिशेब आहे.

हे निव्वळ गैरसोयीचं प्रकरण नाही, त्याची मुळं उत्क्रांतीत आहेत. जोडी न जुळलेले नर माद्यांवर जबरदस्ती करतात, हे रानबदकांतही चालतं. पॅट्रिशिया ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बदक-हंस कुळातल्या १६ जातींची अंतर्रचना तपासली. ज्या जातींत जबरदस्ती जास्त, तिथे नराचं इंद्रिय लांब आणि मळसूत्री, आणि मादीच्या मार्गात त्याला दाद न देणारी आडवळणं आणि बंद कप्पे. हंसांत जोडी पक्की, तिथे दोन्ही बाजूंची रचना आखूड आणि साधी. पिढ्यानपिढ्या चाललेल्या झटापटीचा हिशेब शरीरातच लिहून ठेवलेला. फौजदार फिसकारतो, पोस्टमनला चावतो, पण या गुन्ह्यात तो निर्दोष होता.

शेजारच्या काकांचा सल्ला वेगळा होता : “पिल्लं लहानपणी एकत्र वाढवा, भांडणंच होणार नाहीत.” यात तथ्य आहे, पण अर्धंच. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या दिवसात पिल्लाच्या मनावर जो ठसा उमटतो त्यानं परक्याची भीती जाते. मात्र पुढच्या काही आठवड्यांत सोबतीचा जो ठसा उमटतो तो मोठेपणी जोडीदारही ठरवतो. लोरेन्झचे सहकारी शुट्झ यांनी १९६५ मध्ये दाखवलं की परक्या जातीत वाढलेले रानबदकांचे नर मोठेपणी बहुधा त्या परक्यांच्याच मागे लागतात. बदकांमध्ये वाढलेला राजहंसाचा नर बदकिणीशी लगट करू लागला, तर त्याच्या वजनाखाली ती टाक्यात बुडू शकते. एकत्र वाढवा, पण सोबत त्यांच्या जातीची पिल्लंही असू द्या.

बाकीचं किरकोळ आहे, पण नडतं तेच. बाजारातून नवं बदक आणलं की थेट सोडायचं नाही, आठवडाभर जाळीपलीकडे ठेवायचं. कोंबड्यांतला चोचमारीचा क्रम नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बनं शंभर वर्षांपूर्वी टिपला, तेव्हापासून हे माहीत आहे की क्रम एकदा लागला की भांडणं कमी होतात आणि नवा गडी आला की सगळे हिशेब पुन्हा मांडले जातात. राजहंसाची मादी अंड्यांवर बसली की तेवढा कोपरा तट्ट्यांनी बंद करायचा, तेव्हा फौजदाराशी तडजोड नसते. आणि खुराड्याला दोन दारं हवीत. पक्षी जायबंदी होतो तो भांडणानं कमी, पळायला वाट नसलेल्या कोपऱ्यात जास्त.

गणपतीत पुन्हा गेलो. बदकांचे तीन नर परसात नव्हते. दोन पलीकडच्या वाडीत दिल्याचं मावशीनं सांगितलं. तिसऱ्याचं मी विचारलं नाही. दोन्ही माद्यांच्या मानेवर तपकिरी कोंब फुटत होते. बदकं अळवाखाली चिखलात डोकी खुपसून बसली होती. विहिरीपाशी जुनं घमेलं पालथं पडलेलं, रिकामं, आणि त्याच्या शेजारी फौजदार एका पायावर उभा.

“ते उचलत का नाहीस?” मी विचारलं.

“उचललं होतं,” मावशी म्हणाली. “दिवसभर ओरडत होता. मग ठेवलं परत.”