दुकानाचे ऋतू आणि घरचे ऋतू

व्यापाऱ्यास ऋतू कळत नाहीत, असे कोण म्हणेल? पंचांग उघडण्यापूर्वीच तो ते ओळखतो. आबिड्सच्या दुकानांतून मे महिन्यातच छत्र्या, दप्तरे आणि शाळेचे गणवेश येऊन पडतात. दसऱ्याआधी रेशमी वस्त्रे, आणि दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच लोकरीचे कपडे. आल्बर्ट आबिद या आर्मेनियन व्यापाऱ्याच्या दुकानावरून ज्या पेठेस नाव मिळाले, तेथे काळही मालावरून मोजला जावा, यात नवल ते काय! परंतु दुकानात महिनाभर आधी आलेला ऋतू घरात केव्हा आला व केव्हा गेला, याचा आपणांस कित्येकदा पत्ताही नसतो.

वस्तुतः आपल्या घरांइतकी ऋतुमानाशी बांधलेली घरे क्वचितच आढळतील. परंपरेप्रमाणे उकळलेल्या पाण्याची मर्यादा पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच. दळलेल्या पिठाची पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात. हा हिशेब आपल्या कोणत्याही वहीत सापडणार नाही. तो घरातील स्त्रियांच्या मुखी असतो. आषाढात चातुर्मास बसला की पालेभाजी ताटातून नाहीशी होते व कडधान्यांचे दिवस येतात. चैत्र व आश्विन या दोन ऋतुसंधींना आयंबिलाची ओळी येते, तर अक्षय्य तृतीयेस उसाच्या रसाने वर्षीतपाचे पारणे होते.

याहून सूक्ष्म ऋतुमापक म्हणजे सायंकाळचे जेवण. सूर्यास्तापूर्वी जेवावयाचे, तर वेळ सूर्यच ठरविणार. हैदराबादेत नोव्हेंबरअखेर तो पावणेसहाच्या आतच मावळतो. जुलैच्या आरंभी मात्र सात वाजत आलेले असतात. हे सव्वा तासाचे अंतर घरातील लहान मुलासही ठाऊक असते. पण नेमकी तीच वेळ गिऱ्हाइकांच्या गर्दीची! म्हणून घरून डबा येतो, आणि दुकानाच्या मागल्या बाजूस चार घास घाईने पोटात जातात. डब्यातून अन्न येते. पंगत येत नाही. धाकटीचा पडलेला दात, आजीची तीच ती गोष्ट, थोरल्याने शाळेतून आणलेली तक्रार या साऱ्यांची वेळही तीच असते, आणि रात्री आपण परततो तेव्हा मुले निजलेली असतात.

आनंदासाठी फार दूर जावयास नको. 1908 च्या सप्टेंबरातील मुसीच्या महापुरानंतर बांधलेले उस्मानसागर व हिमायतसागर पावसाळ्यात भरून आले की पाहण्यासारखे असतात. नामपल्लीची नुमाइश 1938 मध्ये सुमारे 100 दुकानांनिशी सुरू झाली. दर वर्षी 1 जानेवारीस भरणारे हे प्रदर्शन आबिड्सहून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे गाळा मांडण्यास आपण जातो. एखाद्या संध्याकाळी केवळ मुलाचे बोट धरून जावे. रविवारी तर आपल्याच बंद दुकानांसमोरील पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो.

आम्ही धंदा सोडावयास सांगत नाही. त्यावरच घर चालते. आठवड्यातून एक दिवस गल्ला भावाच्या किंवा मुनीमजींच्या स्वाधीन करून सूर्यास्तापूर्वी घरच्या पंगतीस बसावे, एवढेच आमचे सांगणे. दिवाळीस नव्या चोपड्या पुजताना गत वर्षाच्या नफ्यातोट्याबरोबर अशा किती पंगती पदरी पडल्या, तेही मनाशी मोजावे.