प्रौढ स्त्रियांचे मुरुम व रोझेशिया

मुरुम हा ऐन तारुण्याचा विकार होय, ही समजूत भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत या विकाराला मुखदूषिका असे नाव असून, शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या, काट्यांसारख्या या पुटकुळ्या तरुणांच्या तोंडावर उठतात असे वर्णन तेथे आढळते. मराठीतील ‘तारुण्यपीटिका’ हा शब्द तर रोगाबरोबर रोग्याचे वयही सांगून मोकळा होतो. त्यामुळे पस्तिशी-चाळिशीच्या स्त्रीच्या हनुवटीवर दुखऱ्या गाठी येऊ लागल्या, किंवा तिचे गाल वारंवार तापून लाल होऊ लागले, की ती प्रथम गोंधळते आणि मग संकोचते. मुलीच्या तोंडावरचे मुरुम घरातील मंडळी हसण्यावारी नेतात. आईच्या तोंडावरचे मुरुम मात्र तिच्या खाण्यापिण्याचा किंवा अस्वच्छतेचा दोष ठरतात. अशा वेळी वैद्याकडे जाण्याऐवजी ती औषधांच्या दुकानातून एखादे मलम आणते, आणि खरे नुकसान पुष्कळदा येथूनच सुरू होते.

मुरुमांचा उगम मळात नसून त्वचेतील स्निग्धग्रंथींत असतो. या ग्रंथी केसांच्या मुळाशी वसलेल्या असून त्यांतून पाझरणारा तेलकट स्राव केशकूपाच्या वाटेने पृष्ठभागावर येतो. कूपाच्या तोंडाशी मृत पेशींचा थर साचून वाट बंद झाली, की स्राव आत कोंडतो. तेथे नेहमीच राहणारे क्यूटीबॅक्टेरियम ॲक्नेस हे जीवाणू त्यात वाढतात आणि भोवताली दाह निर्माण होतो. ग्रंथींना स्रावाचा आदेश देणारी संप्रेरके पुरुषी वर्गातील होत. ती स्त्रीच्या शरीरातही बीजांडकोश व अधिवृक्क ग्रंथी यांच्याकडून अल्प प्रमाणात तयार होतात. रजोनिवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत स्त्रीसंप्रेरकांचे प्रमाण कधी चढते, कधी घसरते, आणि शेवटी उतरतच जाते. पुरुषी संप्रेरके त्या मानाने सावकाश घटतात. परिणामी त्यांचे पारडे सापेक्षतः जड होते. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरीने सुमारे ४६व्या वर्षी होत असल्याने हा अस्थिर काळ पुष्कळ जणींना चाळिशीच्या उंबरठ्यावरच गाठतो.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. मुरुम असलेल्या बहुतेक प्रौढ स्त्रियांच्या रक्तातील पुरुषी संप्रेरकांचे मान सामान्यच आढळते. फरक असतो तो त्यांना प्रतिसाद देणाऱ्या ग्रंथींच्या संवेदनशीलतेत. म्हणून रक्ततपासणी निर्दोष आली याचा अर्थ विकार काल्पनिक आहे असा होत नाही. मात्र पाळी अनियमित होत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील किंवा डोक्यावरचे विरळ होत असतील, तर बीजांडकोशांच्या बहुपुटी विकाराची शंका घेऊन तपासणी करणे अगत्याचे असते. प्रौढ वयातील मुरुम बहुधा हनुवटी, जबड्याची कड आणि मानेचा वरचा भाग येथे येतात, पाळीच्या आधीच्या आठवड्यात बळावतात आणि काळसर डाग मागे ठेवून जातात. गव्हाळ व सावळ्या त्वचेत हे डाग महिनोन्‌महिने टिकतात. कित्येक स्त्रियांना मुरुमांपेक्षा डागांचेच दुःख अधिक असते.

रोझेशिया हा निराळा विकार. गुलाबासारखा, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले आहे. मराठीत त्याला रूढ नाव नाही, आणि नाव नसलेला रोग ओळखलाही जात नाही. तो साधारणपणे तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. गाल, नाक, कपाळाचा मध्य व हनुवटी येथील सूक्ष्म रक्तवाहिन्या क्षुल्लक कारणाने विस्फारतात. प्रारंभी येऊन जाणारी लाली पुढे कायमची मुक्काम करते. तिच्यावर बारीक लाल पुटकुळ्या उठतात. मुरुमांत दिसणारे काळ्या वा पांढऱ्या तोंडाचे कण यात नसतात, हे ओळखण्याचे चांगले लक्षण आहे. नाक सुजून गाठाळ होणे हा त्याचा उग्र प्रकार बहुतांशी पुरुषांत आढळतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात घिर्लांदायोने सुमारे १४९० साली रंगविलेल्या वृद्धाच्या चित्रात तसे नाक पाहावयास मिळते. रोझेशियाच्या त्वचेत जंतूंशी लढणारे काही प्रथिनांश प्रमाणाबाहेर व विकृत रूपात तयार होतात, असे २००७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. केशकूपांत राहणाऱ्या डेमोडेक्स या कोळीवर्गीय सूक्ष्म जीवांची संख्याही अशा त्वचेत वाढलेली असते.

हा गोऱ्या लोकांचा रोग, असे पाश्चात्त्य ग्रंथांत दीर्घकाळ लिहिले गेले. त्याचे एक साधे कारण असे, की सावळ्या त्वचेवर लाली सहजासहजी दिसत नाही. तेथे रुग्णाच्या तक्रारीवर भिस्त ठेवावी लागते: गाल भाजल्यासारखे होणे, साबण वा मलम लावताच चुरचुरणे, त्वचा कोरडी व ताणलेली वाटणे. काचेची पट्टी त्वचेवर दाबून पाहिल्यास खालची लाली मावळते व पट्टी काढताच परत येते. त्यावरून वैद्याला विस्तारलेल्या रक्तवाहिन्यांचा अंदाज घेता येतो. रजोनिवृत्तीच्या सुमारास येणारे उष्णतेचे लोंढे वेगळे. ते छाती व मानेपर्यंत पसरतात, त्यांबरोबर घाम फुटतो आणि थोड्या वेळात ते ओसरतात. अर्थात एकाच स्त्रीला दोन्ही त्रास असू शकतात.

भारतात या विकारांची गुंतागुंत वाढविणारी एक गोष्ट मनुष्यनिर्मित आहे. चाळिशीच्या आसपास अनेक स्त्रियांच्या गालांवर वांग येतो. त्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व स्टेरॉइड या तिघांचे मिश्रण उपयोगी पडते, हे ॲल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ साली दाखविले. वैद्याच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांपुरते वापरावयाचे हे औषध भारतात शेजारीण, नातलग आणि औषधविक्रेता यांच्या शिफारशीने गोरेपणाचे मलम म्हणून घरोघर पोहोचले. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पहिले काही आठवडे चेहरा उजळ, नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होत जाते, रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या उमटतात, पुटकुळ्या व लव वाढते. मलम थांबविताच आग व लाली उसळते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. हे एक प्रकारचे व्यसनच होय. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत असल्याचे आढळले. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांचा ‘एच’ अनुसूचीत अंतर्भाव करून वैद्याच्या चिठ्ठीची अट घातली. कायदा झाला, पण मलमाची अर्धी वापरलेली नळी शेजारणीला देण्यास चिठ्ठी लागत नाही. अशा चेहऱ्यावर उपचार करताना स्टेरॉइड बंद करावे लागते, क्वचित उतरत्या क्रमाने, आणि पहिले कित्येक आठवडे चेहरा अधिकच बिघडलेला दिसतो. याची कल्पना आधीच दिलेली असेल तर रुग्ण धीर सोडीत नाही.

मुरुमांवरील खऱ्या उपचारांना मुख्यतः सबुरी लागते. रात्री ॲडापलीनचे मलम हरभऱ्याएवढे घेऊन सबंध चेहऱ्यावर पातळ लावावे, केवळ मुरुमांवर ठिपके देऊ नयेत; गुण येण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडचे २·५ टक्क्यांचे मलम १० टक्क्यांच्या जवळपास तेवढेच काम करते व त्वचेला कमी जाळते. मात्र टॉवेल व पोलक्यांचे रंग ते उडविते, हे आधी माहीत असलेले बरे. ॲझेलाइक आम्ल मुरुम, डाग व रोझेशिया या तिन्हींवर चालते. जबड्यावरच्या हट्टी गाठींसाठी स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात मूत्रल असलेले औषध देतात. इंग्लंड व वेल्समधील ४१० स्त्रियांवर केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा गुण विशेषतः २४ आठवड्यांनी स्पष्ट दिसून आला. स्पायरोनोलॅक्टोन व आयसोट्रेटिनॉइन ही गर्भाला अपायकारक आहेत. चाळिशीतही गर्भधारणा संभवते, हे येथे विसरून चालत नाही.

रोझेशियात उपचाराइतकेच महत्त्व टाळण्याला आहे. ऊन, तव्याची व भट्टीची धग, वाफारा, स्पिरिटयुक्त द्रव्ये, लिंबाचा रस, डाळीच्या पिठाने खसखसून चोळणे, ही सर्व गालांच्या मुळावर येतात. प्रसाधनगृहातील वाफ व घर्षण तर हटकून. तिखटाचे प्रत्येकीने आपापल्या अनुभवाने ठरवावे. चहा मात्र निर्दोष सुटतो. १९८१ साली झालेल्या एका प्रयोगात गरम कॉफीने लाली आली तशीच नुसत्या गरम पाण्यानेही आली. थंड कॉफीने आली नाही. दोष पेयाच्या उष्णतेचा. तेव्हा चहा बशीत ओतून निववून पिण्याची जुनी रीत येथे उपयोगी पडण्यासारखी आहे. औषधांत आयव्हरमेक्टिनचे १ टक्क्याचे मलम, मेट्रोनिडाझोल, आणि जरूर पडल्यास पोटातून अल्प मात्रेत डॉक्सिसायक्लिन देतात. उन्हासाठी जस्ताच्या भस्माचे, म्हणजे झिंक ऑक्साइडचे, संरक्षक मलम अशा त्वचेला बहुधा सोसते.

आहाराविषयी ठामपणे थोडेच सांगता येते. साखर-मैदा कमी केल्याने मुरुम घटल्याचे ऑस्ट्रेलियातील २००७ सालच्या प्रयोगात दिसले खरे, परंतु ते प्रयोगातील ४३ जण पंधरा ते पंचवीस वर्षांचे तरुण पुरुष होते.

डोळ्यांची उपेक्षा मात्र होता कामा नये. रोझेशिया असलेल्या बऱ्याच जणींच्या पापण्यांच्या कडा लाल होतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, वारंवार रांजणवाडी येते. आणि गालांचा व डोळ्यांचा संबंध असेल असे त्यांच्या मनातही येत नाही. कोमट पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने मिटलेल्या पापण्या रोज काही मिनिटे शेकल्यास आराम पडतो. प्रकाश सहन होईनासा झाला किंवा दृष्टी अंधुक झाली, तर त्वचारोगतज्ज्ञाची पुढील भेट येईपर्यंत न थांबता नेत्रवैद्याकडे त्याच दिवशी जावे.