बाजारात तुरी आणि किमतीचा अंदाज



मागील महिन्यात नववीच्या वर्गात गेलो, तेव्हा दोन गटांत जोरात वाद चालला होता. लवकरच येणार असलेल्या एका व्हीआर हेडसेटची किंमत किती असेल, हा विषय! हा डोळ्यांवर बांधावयाचा पडदा. मान वळवली की दृश्यही वळते आणि आपण तेथेच आहोत असे वाटते. मला 'बाजारात तुरी' ही म्हण आठवली, पण मी रागावलो नाही. अंदाज करणे चांगलेच, तो कसा करावा हे मात्र शिकावे लागते.

ऑक्युलस रिफ्टचे उदाहरण पाहू. अमेरिकेतील पामर लकी या तरुणाने 2012 साली लोकवर्गणीतून हे काम उभे केले. प्रयोगासाठी दिलेल्या पहिल्या संचाची किंमत 300 डॉलर होती व 2014 च्या दुसऱ्याची 350. सप्टेंबर 2015 मध्ये लकी म्हणाले की, किंमत 350 च्या आसपास, पण त्याहून जास्त असेल. लोकांनी 350 हा आकडा तेवढा लक्षात ठेवला, पुढचे शब्द विसरले. जानेवारी 2016 मध्ये किंमत जाहीर झाली : 599 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 40 हजार रुपये. लोक नाराज झाले. आपण हे नीट समजावून सांगितले नाही, अशी कबुली लकींनाही द्यावी लागली.

अंदाज कोठे चुकला? माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'लागत' आणि 'कीमत' हे दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या संचाच्या किमतीवरून लोकांनी नव्याची किंमत ठरवली, पण नव्याची 'लागत', म्हणजे उत्पादनखर्च, पाहिला नाही. पहिल्या संचात एकच साधा पडदा होता. विक्रीच्या रिफ्टमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी वेगळा, अधिक स्पष्ट पडदा होता.

दुसरी गोष्ट, खोक्यात काय काय आहे? त्याच वर्षी एचटीसी व्हाइव्ह 799 डॉलरला आला, तो महाग वाटला. पण त्यात हातात धरावयाची दोन नियंत्रके होती. रिफ्टची तशी नियंत्रके डिसेंबर 2016 मध्ये वेगळी 199 डॉलरला आली. बेरीज करा : 798!

तिसरी गोष्ट, सोबतचा खर्च. रिफ्टला शक्तिशाली संगणक लागत असे. कंपनीनेच 2015 मध्ये संगणकासह एकूण खर्च सुमारे 1500 डॉलर सांगितला होता. शिवाय कर व वाहतूक वेगळी, आणि पहिल्या 20 देशांच्या यादीत भारत नव्हताच.

चौथी गोष्ट, धीर. जुलै 2017 मध्ये नियंत्रकांसह रिफ्ट सवलतीत 399 डॉलरला मिळू लागला.

आता माझी चूक सांगतो. मांडूच्या सहलीचा खर्च मी एकदा प्रार्थनेच्या वेळी सहज बोलून गेलो. प्रत्यक्षात बसभाडे वाढले. काही पालकांनी तेवढेच पैसे बाजूला ठेवले होते आणि दोन मुलींना येता आले नाही. आपण अंदाज सांगतो, ऐकणारा तो शब्द समजून घरी नेतो. त्या दिवसापासून मी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असेच सांगतो, आणि कारणही सांगतो.

प्रयोगशाळेसाठी दोन हेडसेट घ्यावेत, अशी सूचना काही पालकांनी केली आहे. सूचना स्तुत्य आहे. परंतु विश्वस्त मंडळास माझी विनंती की, किंमत व सोबतच्या वस्तूंची यादी जाहीर होईपर्यंत अंदाजपत्रकात रक्कम लिहू नये.

आणि नववीच्या मुलांनो, तुमच्यासाठी गृहपाठ : कमीत कमी व जास्तीत जास्त किंमत कारणांसह लिहून पाकिटात बंद करून माझ्याकडे द्या. किंमत जाहीर झाली की वर्गातच पाकिटे उघडू. ज्याची कारणे चांगली, त्याचे कौतुक आधी. आकडा नंतर पाहू.

आपला,
मुख्याध्यापक