खांद्याच्या ऑपरेशननंतरच्या रात्री

खांद्याच्या ऑपरेशननंतरचा पहिला दिवस फसवा असतो. मानेच्या बाजूला दिलेल्या इंजेक्शनने अख्खा हात बधिर असतो आणि दुखत काहीच नाही. हा बधिरपणा साधारण 12 ते 24 तासांत उतरतो, बरेचदा रात्रीच, आणि ठणका एकदम सुरू होतो. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी काही दुखत नसतानाच घ्यायची असते. ठणका चढल्यावर तीच गोळी लवकर पुरी पडत नाही.

मोटरसायकलवरून पडून माझ्या उजव्या खांद्याचा स्नायूबंध हाडापासून तुटला. ऑपरेशन सुरतेला झालं. नंदुरबारला घरी परत येताना व्यारा, सोनगढ, नवापूर या रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक खांद्यातून कळ काढत होता. दंड आणि छाती यांच्यामध्ये उशी दाबून धरली, तेव्हा जरा निभावलं.

खरी परीक्षा रात्रीची. आडवं झालं की हाताचं सगळं ओझं खांद्यावर येतं. सपाट झोपता येत नाही. भिंतीला गोधड्यांची वळकटी लावून, अर्धं बसून झोपावं लागतं. फिजिओथेरपिस्टने सांगितलेली एक खूण फार कामाची ठरली: पडल्या पडल्या आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर हात मागे गेला आहे आणि टाक्यांवर ताण येतो आहे. कोपराखाली उशी सरकवली की ठणका पाच-दहा मिनिटांत उतरू लागतो. बर्फ फडक्यात गुंडाळूनच लावायचा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं.

नंदुरबारच्या उन्हाळ्यात हात गळ्यात अडकवून ठेवणारी स्लिंग म्हणजे वेगळीच शिक्षा. काखेत घाम साचतो, कातडी सोलवटते. पुढे वाकून हात सैल सोडला की काख आपोआप उघडते. तेवढ्यात पुसून कोरडी करायची. शर्ट पुढून बटणांचा हवा. घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी.

काख पुसताना पुढे वाकतो, त्याच स्थितीत पहिला व्यायामही होतो. बरा हात टेबलावर टेकवायचा, अंग हलकेच झुलवायचं आणि दुखरा हात विहिरीत सोडलेल्या बादलीसारखा आपसूक हलू द्यायचा. बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो. खांद्यावरचा त्यांचा ग्रंथ 1934 साली आला. हा व्यायाम कधी सुरू करायचा हे मात्र ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं. व्यायामानंतर थोडं दुखून तासाभरात निवलं तर चालतं. सुरीसारखी चमक आली तर तिथेच थांबायचं, आणि दुसऱ्या सकाळपर्यंत दुखत राहिलं तर व्यायाम जास्त झाला असं समजायचं.

दुखणं सोसण्यात मोठेपणा नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. न झोपलेला माणूस व्यायाम टाळतो, आणि न हललेला खांदा आखडतो. पण मेडिकलमधून मनाने जादा गोळ्या आणणंही घातक. वेगळ्या नावांच्या दोन पाकिटांत एकच पॅरासिटामॉल असू शकतं. शेजारच्यांनी प्रेमाने सुचवलेलं तेल लावून चोळणंही नको. ताजे टाके त्याने सुटू शकतात.

खांदा बरा व्हायला वेळ लागतोच. सचिन तेंडुलकरच्या उजव्या खांद्यावर मार्च 2006 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. वेस्ट इंडिजचा दौरा त्याला सोडावा लागला. सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला त्याच वेस्ट इंडिजविरुद्ध त्याने नाबाद 141 धावा केल्या. दिमतीला उत्तम तज्ज्ञ असूनही सुमारे सहा महिने गेले. आमच्याकडे मिरची वाळवायच्या पथारीवर दिवसभर वाकून मिरच्या पसरणाऱ्या, गोळा करणाऱ्या बाईला असे सहा महिने कोण देणार? टाका घातलेला स्नायूबंध मात्र तिच्यासाठीही लवकर जुळत नाही. स्लिंग काढून ती आठवड्याभरात कामावर गेली तर ऑपरेशन वाया जाऊ शकतं. घरच्यांनी तिची मजुरी बुडणार हे ऑपरेशनआधीच हिशेबात धरलं पाहिजे.

घरी सोडताना डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या: कोणती गोळी किती वाजता, कोणता व्यायाम कधीपासून, आणि ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा दुखणं हाताबाहेर गेलं तर रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा. तो कागद उशाशी ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला वाचून दाखवा.