परसातल्या पेरूतली अळी

मादन हिप्परग्यासारख्या, कर्नाटकच्या आळंद तालुक्यातल्या महाराष्ट्र सीमेवरच्या गावांत परसात पेरू असला की पावसाळी बहराची एक तक्रार ठरलेली: फळ वरून पिवळंधमक, कापलं तर आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. दोष झाडाचा नाही, हे काम फळमाशीचं. फळ पिकायला लागलं की मादी सालीत टोक खुपसून अंडी घालते. नीट पाहिलं तर तिथं टोचल्याचा बारीक डाग दिसतो, दाबलं तर तेवढाच भाग मऊ लागतो. अळ्या गर खातात, फळ गळतं, मग त्या मातीत शिरून कोष करतात आणि त्यातून नव्या माश्या निघतात.

म्हणून फवारणीचा पंप उचलण्याआधी गळलेली फळं रोज वेचावीत. उकिरड्यावर तर मुळीच टाकू नयेत. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत. झाडाखालची माती खुरप्यानं हलवली की कोष उघडे पडतात, कोंबड्या ते टिपतात.

मिथाईल युजेनॉल या रसायनाकडे नर माश्या खेचल्या जातात, हे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञानं १९१५ साली दाखवलं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्यावरच चालतो. फळं कोवळी असतानाच तो टांगावा. त्यात मादी सापडत नाही आणि ती शेजारून उडत येऊ शकते, त्यामुळे शेजारच्या परसांतही सापळे हवेत. मोजकीच फळं असतील तर ती कागदी पिशवीत बांधणं सर्वांत खात्रीचं. अळी आत शिरल्यावर विषारी औषध मारू नये. पोरं तीच फळं झाडावरून तोडून, न धुता खातात.